परण्या उशिरा येतो त्याला नवरदेवच जबाबदार

पंगतीतला:
लग्नसराई सुरू आहे म्हणून एकदाचं बोलून टाकतो. पत्रिकेत मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा आणि परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, मारुतीच्या देवळापासून कार्यालयाच्या दारात यायला दोन वाजवतो. मे महिन्याचं ऊन, मुलीकडची म्हातारी माणसं मुठीत अक्षता धरून बसलेली. नवरदेव मात्र घोड्यावरून मित्रांचा नाच बघतोय. विचारलं तर म्हणे, "पोरं ऐकत नाहीत." अरे, पोरं तुझी, डीजे तू ठरवलास, आदल्या रात्रीची त्यांची 'सोय'ही तूच केलीस! माझ्या मते त्या दिवशी नवऱ्या मुलाचं मुख्य काम एकच. घोड्यावरून उतरायचं आणि चालत मांडवात जायचं. तो उतरला की पुढे नाचायला काही उरत नाही. बाकीची कामं मामा-काका बघतात.

नांदेडकर:
इतकं सोपं असतं तर! डोक्याला बाशिंग, हातात कट्यार, पोटात सकाळपासून नुसता चहा, आणि घोड्याचा लगाम दुसऱ्याच्या हातात. कधी निघायचं, कुठे थांबायचं, कुणाचा मानपान राहिला, सगळं मोठी माणसं ठरवणार. याद्या झाल्या तेव्हाही त्याला फक्त पाया पडायला बाहेर बोलावलं होतं. मध्येच उतरला तर "आत्तापासूनच सासरचा झाला" हे वर्षभर ऐकायचं. अधिकार काडीचा नाही आणि जबाबदारी सगळी त्याची, हा कुठला न्याय?

माजी करवली:
मुलीला तरी कोण विचारतं? तरी ती पहाटे उठून, केसांत अर्धा किलो पिना खोचून, मुहूर्ताआधी गौरीहर पुजायला बसलेली असतेच ना. आणि कार्यालय ठरलेल्या वेळेपर्यंतच मिळतं. वरच्या तासांचे पैसे आमच्याकडे तरी बाबांनीच भरले. मुलाकडच्यांनी विषयसुद्धा काढला नाही.

पौरोहित्यवाला:
उशीर झाला की कात्री कुठे लागते ते सांगतो. मंगलाष्टकं कोणी सोडू देत नाही, कारण आत्या-मावश्यांना माईकवर म्हणायची असतात. मग होम आणि सप्तपदीच्या वेळी कानाशी येऊन सांगतात, "गुरुजी, आटपा, पंगत खोळंबलीय." हिंदू विवाह कायदा, १९५५ चं कलम ७ बघा. जिथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे तिथे सातवं पाऊल पडल्यावरच विवाह पूर्ण होतो. आवश्यक विधी झाले नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये म्हटलं. नवऱ्या मुलाने फोटोग्राफरला "जरा बाजूला हो" एवढं म्हटलं तरी माझं काम होईल. मी म्हटलं तर मी खडूस.

नांदेडकर:
आमच्यात सत्यशोधक पद्धतीने लागतं, होम नाही की सप्तपदी नाही. तरी उशीर तेवढाच होतो. म्हणजे दोष पद्धतीचा नाही, गर्दीचा आहे.

पंगतीतला:
सत्यशोधक म्हणालात ते बरं झालं. फुल्यांच्या मंगलाष्टकांत वधू-वरांनी स्वतः बोलायचं असतं. ती स्त्रियांचे हक्क मागते, तो ते द्यायचं वचन देतो. तिथे काका-मामा मदतीला येत नाहीत. मग अशा मांडवात दीड तास उशिरा पोचून ते वचन कोणत्या तोंडाने द्यायचं?

नांदेडकर:
हे पटलं. घोड्याचं अजून नाही पटलं.

कोर्टकचेरी:
कायद्यानेच सोपवलेलं एक काम कोणी लिहिलंच नाही. हुंडाबंदी कायद्याखाली १९८५ चे नियम आहेत. नवऱ्याला लग्नात मिळालेल्या भेटींची यादी नवऱ्याने ठेवायची, नवरीची नवरीने. वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं असेल तर ते, आणि खाली दोघांच्या सह्या. लग्नातच, किंवा त्यानंतर शक्य तितक्या लवकर. किती नवरदेव करतात?

नांदेडकर:
घ्या! आता सत्यनारायण सोडून हिशेबाला बसायचं? नवी नवरी काय समजेल, तिच्या माहेरच्यांवर विश्वास नाही म्हणून लिहितोय?

माजी करवली:
गाडीची किल्ली स्टेजवर घेताना फोटो काढतात तेव्हा लाज वाटत नाही, ती लिहायलाच बरी वाटते? माझ्या भावाने केली होती यादी. आई आधी कुरकुरली, मग स्वतःच चष्मा लावून एकेक पाकीट फोडून सांगत बसली. तिच्या माहेरकडून आलेली दोन घड्याळं तेव्हाच सापडली, नाहीतर ती आमच्या काकांनी दिली असंच सगळे धरून चालले होते.