मदत हवी आहे: एचआयव्हीच्या गोळ्या सुरू केल्या आणि मानेला गाठ आली

चिकोडी_पाटीलवाडा
तातडीनं सांगा. दाजींचा सीडी४, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, ९६ आलाय. गोळ्या चालू आहेत तरी मानेला लिंबाएवढी गाठ, रोज संध्याकाळी ताप. आधी यातलं काही नव्हतं. गोळ्यांनीच प्रतिकारशक्ती मारली असं ताई म्हणते. बंद करू का?

निपाणी_लॅब
बंद करू नका! ९६ हा गोळ्यांआधीचा आकडा की नंतरचा? कधीपासून घेतायत? टीबी तपासला का?

हिरवं_खानापूर
माझ्या चुलत्याला गुळवेलीच्या काढ्यानं फरक पडला. गोळ्या उष्ण पडतात.

निपाणी_लॅब
काढ्यानं विषाणू थांबत नाही. चुलत्यांना काय होतं तेही तुम्ही लिहिलं नाही.

हिरवं_खानापूर
सांधेदुखी. पण ताकद आली हे खरं.

अथणीकर
डास चावून हा रोग होत नाही, घरच्यांनी घाबरू नये.

चिकोडी_पाटीलवाडा
डासाचं कुणी विचारलंय? ९६ आधीचा. गोळ्यांना तीन आठवडे झाले. टीबीचं विचारलं होतं, दाजींनी खोकला नाही म्हणून सांगितलं. वजन मात्र उन्हाळ्यापासून उतरलंय.

निपाणी_लॅब
हेच आधी लिहायचं की! सीडी४ पेशी म्हणजे वखारीतला मुकादम, बाकीच्या पेशींना कामाला तोच लावतो. विषाणू त्याच्यातच शिरून स्वतःच्या प्रती काढतो. धडधाकट माणसात एका घन मिलिमीटर रक्तात त्या ५०० ते १५००, दाजींच्या ९६. अशा अंगात टीबी असला तरी गप्प राहू शकतो, कारण ताप आणि सूज आपलं शरीर लढतं म्हणून येते. गोळ्यांनी विषाणू दबला, पेशी सावरल्या की लपलेला टीबी त्यांना दिसतो आणि गाठ उठते. दाजींचं हेच असेल असं वाटतं, पण गाठीत सुई घालून नमुना तपासल्याशिवाय कुणी ठरवू नये. टीबी निघाला तर रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे डोल्युटेग्रॅव्हिर या एचआयव्हीच्या औषधाची जादा गोळी लागते, म्हणून एआरटी केंद्रातच, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथंच दाखवा.

अथणीकर
मिरजेला न्या, कन्नड रिपोर्टची कटकट नको.

निपाणी_लॅब
आकडे कुठल्याही भाषेत तेच. फाईल जिथं आहे तिथंच आधी जा. आणि ताईची तपासणी झाली का?

चिकोडी_पाटीलवाडा
नाही. आजची गोळी दिली. उद्या पहिल्या बसनं दाजींना नेतो. ताईला कसं सांगू कळेना.

निपाणी_लॅब
तिलाही सोबतच न्या. तिथले समुपदेशक बोलतील तिच्याशी. तोवर १०९७ या एड्स हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे.