मधले नाव आणि हरवलेली स्लीपिंग बॅग

स्पेनमधील 'कामिनो दे सांतियागो' या पदयात्रेला निघणाऱ्यांनी जादा सामान सुरुवातीच्या सें-जाँ-पिए-द-पोरहूनच टपालाने पुढे पाठवून द्यावे, अशी एक सूचना केली जाते; ती मला अर्धीच पटते. ते गाव फ्रान्समध्ये असल्याने तेथून निघालेले पार्सल परदेशी टपाल ठरते. तीनेक दिवस चालून स्पेनमधल्या पाम्प्लोनाला पोहोचल्यावर पाठवले, तर तेच देशांतर्गत दराने जाते. शिवाय वाटेतला पिरेनीज पर्वत ओलांडल्यावर खरोखर काय नको आहे, हे खांदेच सांगतात.

एक बाब मात्र त्या सूचनेत नाही. 'लिस्ता दे कोरेओस' असा पत्ता घालून टपाल कचेरीत ठेवलेले पार्सल पासपोर्ट दाखवून सोडवायचे असते, आणि स्पेनमध्ये नावापुढे दोन आडनावे लावण्याची रीत असून पहिलेच मुख्य धरतात. मी आपल्या सवयीने नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे लिहिले होते. बुर्गोसला खिडकीपलीकडच्या बाईंनी माझ्या आडनावाचा खण दोनदा उपसला; माझी स्लीपिंग बॅग अखेर वडिलांच्या नावाच्या अक्षराखाली निघाली. चूक अर्थात माझीच. पुढच्या खोक्यावर मी मधले नाव गाळले आणि आडनाव ठळक, मोठ्या लिपीत लिहिले.