निवडणूक पुरेशी नाही

एकांनी लिहिलंय की अंतर्गत संघर्षानंतर शस्त्रं खाली ठेवली की लगेच निवडणुका घ्याव्यात, विश्वास मागोमाग येतोच. मला हे पटत नाही.

उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटनसोबत राहू पाहणारे प्रोटेस्टंट आणि आयर्लंडमध्ये सामील होऊ पाहणारे कॅथलिक यांच्यातला सशस्त्र संघर्ष संपवणाऱ्या १९९८ च्या करारावर सार्वमत झालं, ७१ टक्के लोकांनी होकार दिला, विधानसभाही निवडून आली. पण पोलीस दलात कॅथलिक जेमतेम ८ टक्के! ज्या दलाची भीती वाटते त्याच्याकडे तक्रार घेऊन कोण जाणार? पोलीस सुधारणांसाठी नेमलेल्या पॅटन आयोगाने १९९९ मध्ये यावरच बोट ठेवलं. २००१ मध्ये दलाचं नाव आणि बोधचिन्ह बदललं, पुढची दहा वर्षं निम्मी भरती कॅथलिकांमधून झाली आणि त्यांचं प्रमाण तीस टक्क्यांजवळ गेलं. तक्रारींसाठी स्वतंत्र लोकपालही आला. (त्या संघर्षात जुन्या वर्दीतले तीनशेहून अधिक पोलीस मारले गेले होते. त्यांच्या घरच्यांना ते नाव पुसलं जाताना काय वाटलं असेल, हेही मनातून जात नाही.) कॅथलिकांचा पाठिंबा असलेल्या शिन फेन पक्षाने या दलाला मान्यता दिली ती थेट २००७ मध्ये, आणि त्यानंतर काही महिन्यांतच प्रोटेस्टंट नेते इयन पेस्ली व शिन फेनचे मार्टिन मॅकगिनेस एका सरकारात बसले. मधली नऊ वर्षं मला फार महत्त्वाची वाटतात.

दोन्ही गटांनी मिळूनच सरकार चालवायचं, हे सत्तावाटपाचं सूत्र मात्र अजून अडतं. दोनपैकी कोणत्याही एका गटातला सर्वांत मोठा पक्ष बाहेर पडला की सरकारच उरत नाही. २०१७ ते २०२० नेमकं तेच झालं.