मदत हवी आहे: ईआरपी सक्तीचं असेल तर 'वापर' मोजायचा कसा?

नमस्कार मंडळी,

पीएचडीचा विषय असा: मध्यम आकाराच्या उत्पादन कंपन्यांत ईआरपी (खरेदी, साठा, उत्पादन, हिशेब सगळं एकाच जागी नोंदवणारं सॉफ्टवेअर) आल्यावर मधल्या आणि खालच्या फळीतले लोक ते प्रत्यक्षात कसं वापरतात. सिनॉप्सिस मंजूर झालाय, पायलट प्रश्नावल्या भरून आल्यात आणि आता गाडं अडलंय.

प्रश्नावलीचा पाया टॅम, म्हणजे फ्रेड डेव्हिस यांचं १९८९ चं टेक्नॉलॉजी अ‍ॅक्सेप्टन्स मॉडेल. प्रणाली उपयोगी वाटते का, सोपी वाटते का, त्यावरून वापरण्याचा हेतू आणि त्यावरून वापर. गाईड सरांना हे आवडतं, कारण स्केल तयार मिळतं आणि परीक्षकांच्याही ओळखीचं असतं.

पण गोदामातल्या माणसाने मालाची आवक टाकल्याशिवाय पुरवठादाराचं बिल पुढे सरकत नाही. त्याला 'ही प्रणाली वापरत राहण्याचा तुमचा विचार आहे का?' असं विचारून काय मिळणार? न वापरून सांगतो कुणाला! सगळ्यांनी चार नाहीतर पाच टिकमार्क केलंय. क्रॉनबाख अल्फा (प्रश्नांचा आपसातला मेळ दाखवणारा आकडा) नेहमीच्या ०.७ च्या मर्यादेपेक्षा बराच वर, त्यामुळे सर खूश. पण त्यातून कळतं ते एवढंच की प्रश्न एकमेकांशी जुळतात. काय मोजलं गेलं, ते कुठे कळतं?

फॉर्म गोळा करताना टेबलांवर जे दिसलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जवळपास प्रत्येकाची ईआरपीशेजारी स्वतःची एक एक्सेल शीट आहे. खरेदीवाल्यांच्या शीटमध्ये माल खरंच कधी येणार त्या तारखा असतात, कारण ईआरपीतली तारीख बदलायची तर वरची मंजुरी लागते. नियोजनवाल्यांचा साठा शीटमध्ये वेगळा आणि ईआरपीत वेगळा, आणि सकाळच्या मीटिंगला उघडतात ती शीट. मग महिनाअखेरीला बसून सगळं एकदम ईआरपीत भरायचं. कागदोपत्री वापर शंभर टक्के.

तर विचारायचंय हे. हेतू काढून टाकला तर डिपेंडंट व्हेरिएबल (ज्याच्यावरचा परिणाम मोजायचा ती गोष्ट) कोणतं घेऊ? आणि शीटबद्दल लोकांना विचारायचं कसं? फॉर्म एचआरकडून वाटले जातात, 'हो, माझी शीट आहे' असं कोण लिहून देईल? सर्वेक्षण पूर्ण सोडून देता येणार नाही, सर तयार होणार नाहीत. कृपया 'विषय बदला' सोडून काहीही सुचवा.

प्रतिसाद

सक्तीचा मुद्दा जुना आहे, त्यामुळे सरांसमोर मांडायला अडचण नाही. वेंकटेश आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या युटॉट मॉडेलमध्ये (टॅम आणि तशीच इतर मॉडेल्स एकत्र करून केलेलं) वापर ऐच्छिक आहे की नाही हा घटक धरलेलाच आहे. 'वरिष्ठांना काय वाटतं' याचा प्रभाव त्यांना सक्तीच्या ठिकाणीच दिसला.

डीलोन आणि मॅक्लीन यांचं माहिती प्रणालीच्या यशाचं मॉडेलही पाहा. १९९२ च्या मूळ मांडणीत 'वापर' हा यशाचा एक घटक होता. सेडन यांनी १९९७ मध्ये त्यावर बोट ठेवलं. २००३ च्या सुधारित मांडणीत दोघांनी उत्तर दिलं की कुठलाही वापर पूर्ण सक्तीचा नसतो आणि नुसत्या प्रमाणापेक्षा वापराचा दर्जा पाहायला हवा. तुमचं डिपेंडंट व्हेरिएबल तिथेच सापडेल असं वाटतं. पुढे बर्टन-जोन्स यांचं 'परिणामकारक वापरा'वरचं लेखन वाचा.

प्रतिसाद

वरचं सगळं ठीक, पण मला यात 'स्वीकार' हा प्रश्नच दिसत नाही. लिन मार्कस यांचा १९८३ चा लेख वाचलाय का? एका मोठ्या कंपनीत नवी वित्तीय माहिती प्रणाली येते. आधी विभागांचे अकाउंटंट आपले आकडे आपल्याकडे ठेवून मुख्यालयाला फक्त गोषवारा पाठवत. नव्या प्रणालीत सगळे व्यवहार एका जागी गेले आणि मुख्यालयाला थेट दिसायला लागले. विभागांनी विरोध केला. मार्कस म्हणतात, याचं कारण नुसत्या माणसांत शोधून सापडत नाही आणि नुसत्या सॉफ्टवेअरमध्येही नाही. सत्ता कुणाकडून कुणाकडे सरकते, ते बघा.

तुमच्या खरेदीवाल्यांची शीट याच नजरेने बघा. ईआरपीतली तारीख बदलली की उशीर वरच्याला दिसतो. शीटमध्ये बदलली की दिसत नाही. 'सोपं वाटतं का' विचारून हे हाती लागणार नाही. मात्र प्रत्येक शीट म्हणजे विरोध असंही धरू नका. नियोजनवाल्यांची शीट नसती तर त्यांचं काम बहुधा ठप्पच झालं असतं.

धागाकर्ती

मार्कस यांचा फक्त उल्लेख वाचला होता, मूळ लेख काढते. आभार! पण एचआरचं काय?

प्रतिसाद

शीट आहे का, असं विचारूच नका. समोर बसा आणि म्हणा, 'नुकतीच संपलेली एखादी ऑर्डर सुरुवातीपासून दाखवाल का?' माणूस आपोआप शीट उघडतो. अशा मोजक्या मुलाखती करा, त्यावरून प्रश्न बनवा, आणि फॉर्म एचआरऐवजी स्वतः द्या, बंद पाकिटात परत घ्या.

वापराचा आकडा मात्र फॉर्ममधून घेऊ नका. स्ट्रॉब आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये व्हॉइसमेलचा सांगितलेला वापर आणि यंत्राने नोंदलेला वापर ताडून पाहिला, दोन्हींचा मेळ फारसा बसला नाही. शिवाय कारण आणि परिणाम एकाच माणसाकडून एकाच फॉर्मवर घेतले की संबंध फुगतो. हार्मन टेस्टची (असा फुगवटा आहे का ते तपासणारी चाचणी) एक ओळ टाकून त्यातून सुटका होत नाही, व्हायवात नेमकं तिथेच पकडतात.

ईआरपीत व्यवहाराची तारीख आणि प्रत्यक्ष नोंद केल्याची तारीख सहसा वेगळ्या साठवल्या जातात. दोन्हींतलं अंतर काढा. आवक पाचला झाली आणि नोंद तीसला पडली, तर मधले दिवस माहिती दुसरीकडे कुठेतरी राहत होती. हे तुमचं डिपेंडंट व्हेरिएबल, तेही कुणाला न विचारता. डेटा मागताना नावं नको, फक्त विभाग आणि पद मागा, म्हणजे परवानगीही लवकर मिळेल.

आणखी एक. एकाच कंपनीतले लोक एकमेकांसारखे उत्तर देतात. सगळे फॉर्म एकत्र ओतून रिग्रेशन (कशाचा कशाशी किती संबंध ते काढणारं गणित) चालवलंत तर निकाल आहे त्यापेक्षा ठाम दिसतील. मल्टीलेव्हल करा, म्हणजे माणूस आणि कंपनी या पातळ्या वेगळ्या धरा, आणि कंपन्या अगदीच थोड्या असतील तर त्यांना केस म्हणूनच मांडा.

धागाकर्ती

तारखांतलं अंतर! हे सरांनाही पटेल, आकडा आहे ना. दोन्ही रकाने मिळतील का, आयटीला विचारते. फक्त एक शंका: हिशेब बंद करताना अकाउंट्सवाले काही नोंदी मागच्या तारखेने टाकतातच, त्या धरायच्या का?

प्रतिसाद

नाही. तरतुदी आणि समायोजनाच्या नोंदी वगळा, त्यांचा प्रकार वेगळा असतो. माल आवक, माल उचल आणि उत्पादन नोंद एवढंच घ्या.