मदत हवी आहे : सर्व्हे नंबर आकड्यांच्या क्रमाने लागत नाहीत, २ च्या आधी १०० येतोय

मंडळी नमस्कार,

देवगड तालुक्यातल्या आमच्या गावच्या आंबा बागायतदारांची नोंदवही मी मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये केली आहे. कोणाची जमीन कुठली, त्यात हापूसची कलमं किती, पाण्याची सोय आहे का, असं सगळं. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून अशी नोंद हाताशी असलेली बरी. जमिनीचा क्रमांक सातबाऱ्यावर आहे तसाच भरलाय : सर्व्हे नंबर, स्लॅश, हिस्सा. मधे स्लॅश, म्हणून रकाना मजकुराचा, व्हारचार.

क्रम लावायला 'ऑर्डर बाय क्रमांक' केलं की यादी अशी येते :

१०/१, १०/२, १००, ११, २/१, २/१०, २/२

एकेक अक्षर ताडून क्रम लागतो, म्हणून १०० हा २ च्या वर, इथवर समजलं. पण आपल्याकडे वाटण्या होऊन एकेका सर्व्हे नंबराचे किती हिस्से पडलेत ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. गावातली वयस्कर मंडळी छापील यादीवर बोट फिरवत आपला नंबर शोधतात. २/९ च्या खाली २/१० दिसला नाही की जमीन यादीतून गेली असंच त्यांना वाटतं, आणि तो घोर मला कुणाच्या जिवाला लावायचा नाही.

'ऑर्डर बाय क्रमांक + ०' करून पाहिलं. सर्व्हे नंबर जागेवर आले, पण हिस्से विस्कटलेलेच. शिवाय काही ओळी सगळ्यात वर जाऊन बसल्या, त्या का ते कळत नाही. मोहोर यायच्या आत यादी छापायची आहे.

खाडीपलीकडे :
+ ० केलं की मायएसक्यूएल सुरुवातीचे आकडे घेतं आणि स्लॅशपाशी थांबतं. त्याच्या लेखी २/१ आणि २/१० दोन्ही नुसते २. वर गेलेल्या ओळी उघडून बघा, तिथे आकडे देवनागरीत भरलेले असणार. सातबारा मराठीत, भरणाऱ्याने तसेच उतरवले. देवनागरी आकड्याची किंमत तिथे शून्य धरली जाते. आधी दहाही आकड्यांवर 'रिप्लेस' चालवून ते इंग्रजी करा.

मग कायमचा उपाय करा. सर्व्हे आणि हिस्सा असे दोन इंटिजर (पूर्णांकाचे) रकाने, पोटहिस्सा मजकुराचा. 'सबस्ट्रिंग इंडेक्स'ने स्लॅशवर तुकडे पाडून ते भरा आणि 'ऑर्डर बाय सर्व्हे, हिस्सा, पोटहिस्सा' लावा. मूळ रकाना पुसू नका, छापायला तोच घ्या. ज्या क्रमांकात स्लॅशच नाही तिथे हिस्सा ० ठेवा, नाहीतर 'सबस्ट्रिंग इंडेक्स' अख्खा क्रमांकच परत देतं आणि १०० ला हिस्सा १०० चिकटतो.

धागाकर्ता :
दादा, खूप आभार. वरच्या ओळी देवनागरीच निघाल्या! आता एकच अडलंय. काही ठिकाणी पोटहिस्सा जोडून लिहिलाय, २/१अ असा. हिस्सा भरताना अपडेट तिथेच एरर देऊन थांबतं.

खाडीपलीकडे :
स्ट्रिक्ट मोड, म्हणजे चुकीची किंमत भरू न देणारी सेटिंग, चालू असेल. नुसतं वाचताना, सिलेक्टमध्ये, जी नुसती वॉर्निंग असते, ती अपडेटमध्ये एरर होते. आवृत्ती ८ असेल तर 'रेगेक्स रिप्लेस'ने हिस्स्याच्या तुकड्यातलं आकडे सोडून बाकी सगळं काढा आणि मग भरा. 'अ' आधी पोटहिस्स्यात हलवून घ्या. आणि सगळ्याच्या आधी टेबलाची एक प्रत काढून ठेवा.