मानवशास्त्राच्या एम. ए.चा अभ्यास कसा पेलावा?

प्रश्न (सातारा) : इतिहासात पदवी घेऊन मी पुण्यात मानवशास्त्राच्या एम. ए.ला प्रवेश घेतला आहे. इरावती कर्वे यांचा १९५३ सालचा ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हा भारतातील नातेव्यवस्थांवरचा ग्रंथ वाचताना मी नात्यांच्या आकृत्यांपाशीच अडकते. अनुभवी मंडळींनी कृपया मार्ग सांगावा.

उत्तर (दहिवडी) : ताई, नुसत्या वाचनाने ते डोक्यात शिरत नाही. आपल्याच घरची आकृती काढा : पुरुषाला त्रिकोण, स्त्रीला वर्तुळ, विवाहाला दुहेरी रेघ. आपल्याकडे अनेक घरांत मामाची मुलगी करतात, चुलत बहीण मात्र बहीणच राहते. हा भेद कागदावर उतरला, की उत्तर आणि दक्षिण भारतातील नातेव्यवस्थांचा कर्वे यांनी मांडलेला फरक चांगला उलगडतो.

उत्तर (सांगली) : मला अधिक जड गेले ते क्षेत्रकार्य, म्हणजे लोकांमध्ये जाऊन, राहून माहिती गोळा करणे. आटपाडीकडच्या मेंढपाळांसमोर वही उघडली, की माणसे गप्प होत. लोकर कातरताना शेजारी बसून राहिले, की तीच मनमोकळी बोलत. टिपणे मात्र त्याच रात्री लिहावीत, कारण सकाळपर्यंत बोलण्यातले नेमके शब्द निसटतात.

प्रश्नकर्ती : आभार. माझी मामी आजीच्या सख्ख्या भावाची मुलगी आहे. तिला आकृतीत दोनदा दाखवावे का?

उत्तर (दहिवडी) : नाही. वर्तुळ एकच ठेवा आणि दोन्ही बाजूंच्या रेघा तिथे आणून जोडा.