फुटाळ्यावरचा चंद्र आणि माझं तोंड

डार्करूमवाला:

नमस्कार मंडळी. नागपूरच्या महाल भागात माझा स्टुडिओ होता, आता शटर कायमचं खाली आहे. महिन्यातून एका रविवारी आम्ही दहा-बाराजण कोणाच्या तरी गच्चीवर जमतो, फोटो दाखवतो, त्यावर बोलतो. परवा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने फुटाळा तलावाचा फोटो आणला. चौपाटीवरून घेतलेला सूर्यास्त, आकाश संत्र्याच्या सालीसारखं. पाण्यात खुर्ची टाकून लुगड्यातली आजी बसलेली. मागे फ्रेमचा तिसरा हिस्सा व्यापणारा पौर्णिमेचा चंद्र. तीन फोटो जोडून केलेला एक.

सगळे वा वा करत होते. माझी पाळी आली आणि मी बोलून गेलो, "हा फोटो कुठला, हे तर लग्नाच्या अल्बमचं मिक्सिंग."

पोरीने मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. तर्री-पोहे आले तरी खाली मान घालून बसली. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणे, "तुम्ही किती जोडप्यांना पडद्यावरच्या ताजमहालासमोर उभं केलं, ते मोजा आधी."

माझी अडचण खरी आहे. साध्या फोटोवर मी एक्सपोजर, फोकस, फ्रेमिंग असं तासभर बोलू शकतो. जोडकामावर बोलायचं तर नेमकं कुठे बोट ठेवायचं?

लेयरवाली:

काका, आजी पाण्यात काहून बसली आहे, हे विचारलं का तिला? मी हेच काम करते, म्हणून सांगते. आधी हे विचारा. फोटो खरा वाटावा अशी तिची इच्छा आहे की स्वप्नासारखा दिसावा, ते कळल्याशिवाय चूक कशाला म्हणणार?

मी एकदा मारबतीच्या (पोळ्यानंतर निघणाऱ्या मोठ्या पुतळ्यांच्या) मिरवणुकीचं कंपोझिट, म्हणजे जोडफोटो, केलं होतं. एकाने लिहिलं, "ओव्हर झालंय." दोन महिने मी ती फाइल उघडून बघायची आणि बंद करायची, कारण ओव्हर म्हणजे काय कमी करू? मग दुसऱ्याने लिहिलं, "पिवळ्या मारबतीच्या डाव्या कडेला पांढरी रेघ दिसते, मास्क दोन पिक्सेल आत घे." मास्क म्हणजे जोडताना कोणता भाग दिसेल ते ठरवणारी कड. त्याच रात्री दुरुस्त झालं.

तुमच्या वर्णनावरून मी आधी खुर्चीचे पाय बघीन. पाणी पायांना टेकतं तिथे काही हललंय का? प्रतिबिंब आहे का? मग दाणे, म्हणजे फोटोतली बारीक खर. आजीचा फोटो घरात कमी उजेडात, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) वाढवून काढला असेल तर लुगड्यावर दाणे दिसतील आणि तळं गुळगुळीत. लोकांना नेमकं सांगता येत नाही, पण डोळा तिथेच अडतो.

तर्रीबाज:

मी तर सरळ 'मस्त' लिहितो बे. भांडण नको, डोक्याला ताप नको.

लेयरवाली:

तुझ्या मस्तचं मी काय करू भाऊ? काय मस्त आहे तेवढं तरी लिहीत जा.

अंबाझरीचा ट्रायपॉड:

चंद्रावर बोलतो, बाकीचं वर आलंच आहे. चौपाटीवरून सूर्य तळ्यापलीकडे, पश्चिमेला मावळतो. पौर्णिमेचा चंद्र त्याच सुमाराला पूर्वेला, म्हणजे तुमच्या पाठीमागे उगवतो. दोघं एका चौकटीत यायचेच नाहीत.

आकाराचं गणितही सोपं आहे. लेन्स जितक्या एमएमची, त्याला 110 ने भागा, तितके मिलिमीटर चंद्र सेन्सरवर उमटतो. अख्खं तळं मावेल अशा 24 एमएमच्या रुंद लेन्सला जेमतेम 0.2 मिलिमीटर. फुलफ्रेम कॅमेऱ्याच्या सेन्सरची रुंदी 36 मिलिमीटर, तिचा तिसरा हिस्सा हवा तर तेराशे एमएमच्या आसपासची लेन्स लागेल, आणि तिच्यात अख्खा फुटाळा मावणार नाही.

हे तिला माहिती म्हणून सांगा, चूक पकडल्यासारखं नको. स्वप्न असेल तर चंद्र बैलगाडीच्या चाकाएवढा करू दे. पण मग पाण्यावर त्याचा उजेड हवा, आणि उजेड आजीच्या मागून येत असेल तर चेहरा सावलीत, पदराच्या कडेला तेवढी चमक. स्पर्धेला पाठवणार असेल तर विभाग बघून पाठवायला सांगा. नेचर आणि फोटोजर्नलिझममध्ये चित्रात काही घालणं-काढणं चालत नाही.

डार्करूमवाला:

एक कबुली देतो. मेमधलं आपल्याकडचं आकाश माहीतच आहे, नुसतं कोरं. माझ्याकडे श्रावणातल्या ढगांची एक निगेटिव्ह होती. एन्लार्जरखाली (निगेटिव्ह मोठी करून कागदावर छापायच्या यंत्राखाली) पुठ्ठा धरून क्षितिज झाकायचं आणि वर तेच ढग छापायचे. एकच ढग मी रामटेकवरही छापला आणि बर्डीच्या किल्ल्यावरही. तेव्हा त्याला मी कसब म्हणायचो. इंग्लंडात हेन्री पीच रॉबिन्सन या फोटोग्राफरने 1858 मध्ये पाच निगेटिव्ह जोडून मरणाच्या दारातली मुलगी दाखवली होती, तेव्हाही लोक चिडलेच होते.

काल पोरीला फोन केला. आधी माफी मागितली, मग विचारलं, आजी पाण्यात का? म्हणाली, गुडघ्यांमुळे आजी दोन वर्षं जिना उतरलेली नाही, तिला तळं आवडायचं, म्हणून थेट तळ्यातच नेऊन बसवली. चंद्र आजीने मागितला. "कोजागिरी कर," म्हणाली. सूर्यास्त का, तर तिच्याकडचा फुटाळ्याचा सगळ्यात चांगला फोटो तोच होता.

म्हणजे मी गच्चीवर बसून चंद्राला नावं ठेवत होतो आणि चुकीच्या जागी आला होता सूर्य! तिला तसं सांगितलं, तर हसली. आता तळं अंधार पडल्यावर पुन्हा काढणार आहे. आजीचा फोटोही पुन्हा, खिडकी पाठीशी घेऊन. खुर्ची माझ्या स्टुडिओतली नेतोय, वेताची.

प्रतिबिंबाचं मात्र मला जमणार नाही. खुर्चीचा फोटो उलटा करून खाली लावला तर चालेल का?

लेयरवाली:

नाही चालणार काका. पाण्यात खुर्चीची खालची बाजू दिसते, वेताची वीण वगैरे. वरून काढलेल्या फोटोत ती नसतेच, मग उलटा करून कुठून येणार? रिकाम्या खुर्चीखाली मोठा आरसा ठेवा, कॅमेरा आजीच्या वेळी होता त्याच उंचीवर आणि तेवढ्याच अंतरावर, आणि एक फोटो वेगळा काढा. स्टुडिओतला आरसा अजून आहे ना?

डार्करूमवाला:

आहे. एका कोपऱ्यात टवका गेलाय.

लेयरवाली:

चालतो. तो कोपरा क्रॉप होईल.